फट उघडी असल्याची अट

गारमाळ नावाच्या राज्यात ज्या वर्षी बिळांच्या फटी बुजवण्यासाठी राजकोठारातून सर्वांत जास्त धान्य खर्च झाले, त्या वर्षाअखेर फटींची संख्या जेमतेम एकाने घटली होती आणि त्यांची सरासरी रुंदी कितीतरी पटींनी वाढली होती. त्या पौषात राज्यात एकच बीळ उबदार होते. ते येसू साळिंदरणीचे होते. तिला तिन्ही योजनांसाठी अपात्र ठरवण्यात आले होते.

गारमाळ हे एका उंच पठारावरचे रान. तिथे वाघ राज्य करत असे. पूर्वी तो जन्माने राजा होता. पुढे काळ बदलला, तेव्हा त्याने निवडणूक मान्य केली आणि निवडणुकीने त्याला मान्य केले. त्याच्या हाताखाली सुभ्याचा कारभार तरसाकडे होता आणि गावच्या पंचायतीचा रानडुकराकडे. तिघे तीन निरनिराळ्या पक्षांचे होते आणि एकाच कोठारातून खात असत.

या पठारावरच्या प्रत्येक बिळाला मागच्या अंगाला एक फट असे. मुळे कुजून, पावसाने माती वाहून ती आपोआप पडलेली असे. रुंदी साधारण चार बोटे. उन्हाळ्यात तिचा उपद्रव नसे. हिवाळ्यात मात्र उत्तरेचा वारा त्या फटीतून आत येई आणि पुढच्या दाराने निघून जाई, आणि जाताना बिळातली ऊब सोबत नेई. थंडीत शरीराला ऊब टिकवण्यासाठी जास्त खावे लागते. हा निसर्गनियम असल्यामुळे त्याला दरबाराची मंजुरी लागत नाही. हिवाळ्यातला शिधा राजकोठारातून मिळत असल्यामुळे कोठार मात्र माघातच तळाला जाई.

राजवैद्य खवले मांजराने यावर अभ्यास करून अहवाल दिला. अहवाल दोन ओळींचा होता. बिळाची फट बंद केल्यास आतला प्राणी एक तृतीयांश कमी खातो, अशी पहिली ओळ. तरी फटी बंद कराव्यात, अशी दुसरी. एवढ्या आखूड अहवालावर दरबाराचा विश्वास बसेना. त्याची लांबी वाढवण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि तो पुरेसा लांब होईपर्यंत निवडणूक फाल्गुनावर येऊन ठेपली. मग तो वाचण्याचीही गरज उरली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाघाने टेकडीवरून भाषण केले.

"माझ्या प्रजाजनांनो," वाघ म्हणाला, "तुम्ही थरथर कापता आहात, हे मी पाहतो आहे."

प्रजा त्याच्यासमोर नेहमीच कापत असे. या वेळी त्याचे कारण हवामान असल्याचे प्रथमच अधिकृतपणे सांगण्यात आले.

"यापुढे गारमाळात एकही फट उघडी राहणार नाही. प्रत्येक बिळाला मी झाकण देईन. झाकण बसले, की एक पायली नाचणी देईन. फट तिथे झाकण, झाकण तिथे ऊब."

झाकण लाकडी होते, गोल होते आणि त्यावर वाघाचा चेहरा कोरलेला होता. चेहरा मिश्यांसकट यावा, असा दरबाराचा आग्रह असल्याने झाकणाची रुंदी दोन हात ठरली. फटी चार बोटांच्या होत्या. ही विसंगती लक्षात येताच दरबाराने तातडीने दुरुस्ती केली. झाकण लहान करणे मिश्यांमुळे शक्य नव्हते; म्हणून लाभार्थ्याने आपली फट स्वखर्चाने झाकणाएवढी रुंद करून घ्यावी, असे नियमात घालण्यात आले.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा होता. तपासणीच्या वेळी फट उघडी असली पाहिजे. लाभार्थ्याने ती आधीच स्वतः बुजवली असल्यास तिथे फट नव्हती असे समजण्यात येईल.

येसू साळिंदरणीने हे सगळे लक्ष देऊन ऐकले. तिला गरज होती. तिचा नवरा गेल्या वर्षी बिबट्याच्या प्रचारसभेला गेला होता. सभा यशस्वी झाली, नवरा परत आला नाही. घरात ती आणि तिचे सासरे, दोघेच. सासऱ्यांना दमा होता. गेल्या पौषात वाऱ्याने त्यांची छाती अशी भरली, की तीन दिवस त्यांचे काटे उभे राहिले नव्हते. साळिंदराचे काटे उभे राहत नाहीत, तेव्हा घरच्यांनी काय समजायचे हे ठरलेले असते. ते उठले, पण वैद्याने येसूला बाजूला घेऊन सांगितले, की असा आणखी एक हिवाळा त्यांच्याने निघणार नाही.

"मामंजी, झाकण मिळणार आहे," येसू घरी येऊन म्हणाली. "वर पायलीभर नाचणी."

"कोण देतंय?"

"महाराज."

म्हाताऱ्याने बराच वेळ खोकून घेतले. "सूनबाई, वाघ दार देतो म्हणाला, की आपण आधी कडी कुठल्या बाजूला आहे ते बघावं."

"कडी नाहीये. नुसता चेहरा आहे."

"कुठल्या बाजूला?"

"आतल्या."

"म्हणजे झोपताना तो बघणार," म्हातारा म्हणाला. "बरं. ऊब यायची असेल तर बघू दे."

येसूने फट उकरून दोन हात गोल केली. त्याच आठवड्यात तरसाने आपली योजना जाहीर केली.

तरसाला भाषण करताना मधेच हसू येत असे. त्याच्या कुळाची ती शरीररचना आहे. त्यात हेतू शोधू नये. "महाराजांची योजना थोर आहे," तो म्हणाला आणि हसला. "पण महाराज नाचणी झाकण बसल्यावर देतात. गरिबाने तोवर खायचं काय? सुभा दोन पायली देईल, आणि आधी देईल." प्रजेने टाळ्या वाजवल्या. त्यातली दीड पायली सुगीनंतर परत करायची आहे, हे वाक्य नेमके हसण्यात बुडाले. सुभ्याचे झाकण चौकोनी होते. चौकोन का, असे विचारल्यावर तरसाने सांगितले, की गोल झाकण हे पिळवणुकीचे प्रतीक आहे.

तिसरी योजना पंचायतीची. रानडुकराने नाचणी देऊ केली नाही. त्याने बीळपट्टीत सूट दिली. सूट भरत असलेल्या पट्टीच्या प्रमाणात होती. गवा सर्वांत जास्त पट्टी भरत असे, म्हणून सर्वांत मोठी सूट त्याला होती, जरी गवा बिळात राहत नसे. जे गरीब पट्टी भरतच नव्हते, त्यांना त्यांच्या शून्य पट्टीवर शंभर टक्के सूट मिळणार होती. पंचायतीचे झाकण त्रिकोणी होते. रानडुकराचे तोंड त्याच आकारात चांगले बसत असे.

येसूच्या शेजारी नारबा उदमांजर राहत असे. नारबा हुशार होता आणि हे त्याला माहीत होते. तिन्ही योजना जाहीर झाल्या, तेव्हा तो येसूकडे आला. त्याची स्वतःची फट तोवर गोलाची चौकोनी झालेली होती.

"वहिनी, घाई करू नका," नारबा म्हणाला. "घाई करणारा पहिली योजना घेतो. शहाणा तुलना करतो."

"पौष तोंडावर आलाय नारबा. मामंजींची छाती..."

"म्हणून तर. नीट तुलना करा. दरबारानं तुलना केंद्र उघडलंय तळ्यावर. फुकट आहे."

तुलना केंद्रात बगळा अधिकारी होता. तो उथळ पाण्यात एका पायावर उभा असे. तटस्थ राहण्याची ती पद्धत होती. योजनेत बदल झाला, की तो पाय बदलत असे. त्या महिन्यात त्याचे दोन्ही पाय दुखत होते.

"साहेब, घरात दमेकरी आहे," येसूने सांगितले. "तिन्हींतली कुठली घेऊ?"

"महाराजांची योजना उत्तम आहे," बगळा म्हणाला. "सुभ्याची श्रेष्ठ आहे. पंचायतीची सर्वोत्कृष्ट आहे."

"यांत वरचा शब्द कुठला?"

"तिन्ही शब्द शासनमान्य आहेत."

"मग तुम्ही तुलना काय करता?"

"तुलना करतो. निष्कर्ष काढत नाही. निष्कर्ष काढला तर तो कोणाच्या तरी विरुद्ध जाईल." त्याने पाण्याकडे पाहिले, एक मासा उचलला आणि गिळला. या एका बाबतीत तो निष्कर्षापर्यंत जात असे. "तुम्हाला एक माहिती देऊ शकतो. एका योजनेचा अर्ज करताना बाकीच्या दोन योजनांचा लाभ घेतलेला नाही, असे त्या दोन कार्यालयांचे दाखले जोडावे लागतात."

"आणि ते दाखले कधी मिळतात?"

"तिथे अर्ज केल्यावर."

"म्हणजे तिन्हीकडे अर्ज करायचा?"

"असे मी म्हणू शकत नाही," बगळा म्हणाला. "पण आजवर कोणी वेगळे केलेले नाही."

येसूने तिन्हीकडे अर्ज केला. सगळ्यांनीच केला. गोलाचा चौकोन करताना कोपरे उकरावे लागत. चौकोनाचा त्रिकोण करताना शेंडा वर न्यावा लागे. माती काढता येते, परत लावल्यास ती फट 'बुजवलेली' ठरते, आणि बुजवलेली फट अपात्र. त्यामुळे प्रत्येक तुलनेबरोबर फट फक्त मोठीच होऊ शकत होती. मार्गशीर्ष लागेपर्यंत बहुतेकांच्या बिळात वाघाच्या मिश्या, तरसाचे जबडे आणि डुकराचे सुळे एकाच वेळी मावतील एवढी भगदाडे तयार झाली. नारबाच्या बिळातून पलीकडचे तळे दिसत असे. त्याने ते पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली होती.

झाकणे मात्र येत नव्हती. त्यांचे कंत्राट वाळवीला गेले होते. वाळवीची निविदा सर्वांत स्वस्त होती, कारण तिने मजुरी मागितली नव्हती. फक्त लाकूड मागितले होते. पहिला हप्ता आला, तेव्हा झाकणांनाच फटी होत्या. त्या बुजवण्यासाठी वेगळी योजना विचाराधीन असल्याचे कळवण्यात आले.

इकडे वारा सुटला. येसूच्या बिळातल्या भगदाडातून तो पूर्वीपेक्षा सरळ येऊ लागला. पहिल्या दिवशी म्हातारा खोकला. दुसऱ्या दिवशी त्याला बोलताना धाप लागू लागली. तिसऱ्या दिवशी येसू कंद उकरून परत आली, तेव्हा तो बिळाच्या मागच्या भिंतीशी बसला होता. पाठ भगदाडात घातली होती आणि सगळे काटे फुलवले होते. वारा काट्यांत अडकत होता.

"मामंजी, हे काय?"

"जरा बसलोय."

"तिथे नका बसू. पाठ गारठेल."

"पाठ तशीही माझ्या उपयोगाची नाही. तू जेव. आत आता बरं वाटतंय की नाही?"

बरे वाटत होते, हे खरे होते. येसूने तसे सांगितले नाही. "उद्या तपासणी आहे," ती म्हणाली. "उद्यापुरतं पुढच्या बाजूला या. एकदा मोजून गेले, की झाकण येईल."

"येतो," म्हातारा म्हणाला.

साळिंदरे रात्री हिंडतात आणि दिवसा झोपतात. तपासणी दिवसा होते. दुसऱ्या दिवशी निरीक्षक मुंगूस आला, तेव्हा म्हातारा गाढ झोपला होता, आणि झोपेत सवयीने सरकून परत भगदाडाला पाठ लावून बसला होता. निरीक्षकाची फट मोजण्याची रीत ठरलेली होती: बाहेरच्या बाजूने शेपूट आत घालायची आणि किती मावते ते पाहायचे. त्याने शेपूट आत घातली. त्याची किंकाळी तळ्यापर्यंत गेली आणि बगळ्याने पाय बदलला.

येसू धावत बाहेर आली. मुंगूस शेपटीतून काटा उपटत होता.

"फट बंद स्थितीत आढळली," तो म्हणाला.

"बंद नाहीये ती, साहेब. ते माझे सासरे आहेत."

"सासऱ्यांनी बंद केलेली आढळली."

"बंद केलेली नाही. ते बसलेत. उठवते, मग मोजा."

"बाई, माझ्याकडे दोन शेरे आहेत. उघडी किंवा बंद. सासरे असा शेरा नाही."

"मग तो घाला ना."

"तो घालायचा तर दरबार, सुभा आणि पंचायत, तिघांची मान्यता लागेल. त्या तिघांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालंय, माझ्या पगारावर. तो द्यायचा नाही." त्याने शेपूट झटकली. "मी तिन्ही योजनांचा निरीक्षक आहे. त्यामुळे तिन्हींसाठी अपात्र. एका खेपेत काम झालं, तेवढं बरं."

येसू त्याच्या मागे ओढ्यापर्यंत गेली. तिने हात जोडले. तिने सांगितले, की म्हातारा महिनाभरही काढणार नाही. मुंगसाचे मन वाईट नव्हते. तो थांबला, विचार करून म्हणाला, की सासरे वारल्यास फट आपोआप उघडी होईल आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल.

येसू घरी आली. आता कशाचीच वाट पाहायची नव्हती. तिला राग आला होता, आणि राग आलेल्या साळिंदरणीला माती उकरण्यावाचून दुसरे काही येत नाही. तिने ओढ्याकाठची चिकणमाती आणली, पालापाचोळा कालवला, म्हाताऱ्याला पुढे सरकवले आणि भगदाड लिंपून टाकले. वर पायांनी थापटले. संध्याकाळ व्हायच्या आत काम संपले.

"आता अर्ज कसला करणार?" म्हाताऱ्याने विचारले.

"कसलाच नाही."

"मग काय करणार?"

"झोपणार," येसू म्हणाली.

पौष आला. गारमाळातल्या बिळांतून वारा शिट्या वाजवत फिरू लागला. लोक दुप्पट खाऊ लागले, आणि त्यांची भूक हा योजनांवरील जनतेच्या उत्साहाचा पुरावा असल्याचे तिन्ही पक्षांनी सांगितले. सशांनी येसूचे बीळ प्रथम शोधून काढले. त्यांनी काही विचारले नाही. आले आणि कोपऱ्यात बसले. मग भेकराचे पाडस आले, मग खोकड आले आणि सशांपासून मर्यादशील अंतरावर बसले. शेवटी नारबा आला.

"वहिनी, तुलनेसाठी आलोय," तो म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या पाठीला चिकटून झोपला. उठल्यावर त्याने काटे मोजत कण्हत कण्हत सांगितले, की अशी झोप त्याला दसऱ्यापासून लागली नव्हती.

"मग तूही माती लाव," येसू म्हणाली. "ओढ्याकाठी पडलीये."

नारबाने तिच्याकडे दयेने पाहिले. "वहिनी, तुमचं बरं आहे. तुम्ही अपात्र आहात. माझे तिन्ही अर्ज विचाराधीन आहेत. आता बुजवलं तर सगळं पाण्यात."

"पण गारठतोयस."

"गारठतोय," नारबाने मान्य केले. "पण पात्र आहे."

बाकीच्यांचीही हीच अडचण होती. निरीक्षक केव्हा येईल सांगता येत नसे, आणि लाभार्थी आपल्या फटीशी हजर नसल्यास अर्ज रद्द होई. म्हणून प्रत्येक घरातला एकजण पाळीपाळीने स्वतःच्या भगदाडाशी कुडकुडत बसे आणि बाकीचे येसूकडे ऊब घेत. पाळी संपवून आलेल्याला आधी जागा द्यायची, एवढा एकच नियम त्या बिळात होता. तो कोणी केला नव्हता आणि सगळे पाळत होते.

कोठारातले धान्य वेगाने घटत चालल्याने दरबार चिंतेत पडला. एकाच घरचा शिधा कमी लागत होता, आणि तिथे तर गर्दी होती. याचे कारण शोधण्यासाठी एकसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीत एकमत व्हावे, एवढ्यासाठीच ती एकसदस्यीय होती. सदस्य बगळा होता.

बगळा मान वाकवून बिळात शिरला. आत त्याला ऊब लागली, आणि थोड्या वेळाने सर्वांच्या असे लक्षात आले, की तो दोन्ही पायांवर उभा आहे.

समितीने काळजीपूर्वक काम केले. ऊब काट्यांमुळे असावी, हा तिचा पहिला तर्क. तो तपासण्यासाठी म्हाताऱ्याला दुपारभर बाहेर बसवण्याचा प्रस्ताव आला. येसूने काटे फुलवल्यावर तो मागे घेण्यात आला. ऊब गर्दीमुळे असावी, हा दुसरा तर्क. परंतु नारबाच्या बिळातही गर्दी करून पाहिली, तेव्हा सगळी गर्दी सारखीच गारठली. अपात्र ठरल्याच्या संतापातून उष्णता निर्माण होत असावी, हा तिसरा. समितीला तो बरेच दिवस पटला. दरम्यान समितीने दोनदा मुदतवाढ मागितली. अभ्यासाचा विषय गुंतागुंतीचा होता आणि बाहेर फार थंडी होती.

"साहेब, भिंत बघितलीत का?" एके दिवशी म्हाताऱ्याने विचारले.

"भिंत समितीच्या कार्यकक्षेत येत नाही," बगळा म्हणाला. त्याची पाठ भिंतीला टेकलेली होती.

संतापाचा तर्क दरबाराने उचलून धरला. अपात्र राहूनही उबदार असलेली एक नागरिक तिन्ही पक्षांना फार अडचणीची होती. त्यांनी प्रथमच एकत्र येऊन चौथी योजना काढली: अपात्र सन्मान योजना. लाभार्थी एकच असल्याने ती भरघोस होती. वर्षभराची नाचणी, आणि तिघांचेही चेहरे असलेले एक संयुक्त झाकण. अट जुनीच होती. फट उघडी असली पाहिजे.

समारंभ ठरला. वाघ, तरस आणि रानडुक्कर तिघेही येसूच्या बिळामागे, लिंपलेल्या जागेसमोर, हार घालून उभे राहिले. उघड्या फटीतून भाषण थेट आत पोहोचते, हा त्यांचा राज्यभरचा अनुभव होता.

आत नारबा पाय पसरून बसला होता. "सुरू झालं वाटतं," तो म्हणाला.

"काय म्हणतायत?" सशांनी विचारले.

नारबाने भिंतीला कान लावला. "काही कळत नाही. मधेच कोणीतरी हसतंय."

थोड्या वेळाने मुंगूस पुढच्या दाराने घाईघाईत आत आला. शेपूट त्याने या वेळी हातात धरली होती.

"बाई, भिंत पाडा. महाराजांचं भाषण आत येत नाहीये."

"भाषणाबरोबर वारा येईल," येसू म्हणाली.

"झाकण बसवतोय ना लगेच."

"आणलंय?"

"झाकण तयार होतंय."

"कोण करतंय?"

मुंगूस हातातली शेपूट कुरवाळू लागला. वाळवीचे नाव घेणे त्याला जड गेले.

"वहिनी, पाडा भिंत," नारबा म्हणाला. "मी तुलना केलीये. चौथी योजना पहिल्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा मोठी आहे. वर्षभराची नाचणी कोण सोडतं?"

"नारबा, तू झोपतोस कुठे?"

"इथे."

"भिंत पाडल्यावर कुठे झोपशील?"

नारबाने विचार केला. "हा मुद्दा तुलनेत धरलेला नव्हता," तो म्हणाला.

म्हातारा उठायला लागला. "पाड, सूनबाई. वर्षभराचं खाणं आहे. झाकण येईस्तोवर मी बसतो पाठ लावून. जमतं मला."

येसूने त्याला खांद्याला धरून खाली बसवले आणि ती मुंगसाकडे वळली.

"साहेब, नाचणी किती दिवसांची?"

"वर्षाची."

"आणि झाकण येईपर्यंत मामंजी उघड्यावर किती दिवस टिकतील?"

"ते नियमात दिलेलं नाही."

"मग ते लेखी आणा," येसू म्हणाली. "दरबार, सुभा आणि पंचायत, तिघांच्या सहीनं. मामंजी इतके दिवस टिकतील असं. सही आली, की मी स्वतः पाडते. तोवर भिंत विचाराधीन आहे."

मुंगसाने आयुष्यात प्रथमच आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. त्याला ती रीतसर वाटली. त्याने मान डोलावली आणि तो सह्या आणायला गेला. बाहेर तिघांनी भाषणे पूर्ण केली, एकमेकांना हार घातले आणि समारंभ यशस्वी झाल्याचे जाहीर केले. सह्यांसाठी आधी कोणी सही करायची, यावर तिन्ही कार्यालयांत पत्रव्यवहार सुरू झाला. तो चालू असतानाच वारा दक्षिणेचा झाला. फाल्गुनात म्हातारा पुढच्या दारात उन्हाला बसून सशांना काटे कसे फुलवतात ते सांगत होता. सशांना काटे नव्हते. पण त्यांनी ऐकून घेतले.

त्याच महिन्यात बगळ्याला बिळाबाहेर पडावे लागले, कारण ऊन पडल्याने मुदतवाढीचे कारण उरले नाही. मग त्याने अहवाल लिहिला. लिहिताना तो तळ्यात परत एका पायावर उभा होता. परंतु दोन महिने दोन पायांवर राहिल्याने त्याची सवय मोडली होती आणि त्याचा तोल सारखा जात होता. बहुधा त्यामुळेच त्याच्या हातून निष्कर्ष निघाला. तो राजवैद्याच्या पहिल्या अहवालापेक्षा फार लांब नव्हता. दरबाराने तो आभारपूर्वक स्वीकारला, तिन्ही योजनांची तरतूद दुप्पट केली, आणि तिन्ही पक्ष आपापल्या जागी पुन्हा निवडून आले.

समितीने नोंदवलेले कारण असे: येसू साळिंदरणीच्या बिळाची फट बुजवलेली होती, इतरांची उघडी होती. इतरांनी ती बुजवली नाही, कारण राज्यात मोबदला फट बुजवण्याला नव्हता, फट असण्याला होता. प्रजेने केलेली तुलना अचूक होती. राज्यकर्त्यांचीही होती; ज्याची फट बुजली त्याला मागायला काही उरत नाही, आणि ज्याला मागायला काही उरले नाही, त्याला निवडणुकीत द्यायचे काय, या प्रश्नाचे उत्तर गारमाळातल्या कोणत्याच पक्षाकडे नव्हते.